कडू घासाचा ठराव

मार्गशीर्ष शुद्ध दशमी, शके १९६५. इसवी सनाच्या हिशेबाने डिसेंबर २०४३ चा दुसरा आठवडा. स्थळ, कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला हिरण्यकेशीच्या काठी वसलेल्या हरळगुंडी या गावच्या मारुतीच्या देवळापुढील मंडप. या दिवशी या स्थळी भरलेल्या ग्रामसभेत, हात वर करून आणि एकाही विरोधी मताविना, असा ठराव संमत झाला की, गावात कोणाच्याही घरी मृत्यू घडल्यास तेराव्यापर्यंत त्या घरी सांत्वनासाठी कोणीही जाऊ नये.

हा ठराव निर्दय माणसांनी केला, असा ग्रह वाचकाने करून घेऊ नये. तो कनवाळू माणसांनी, पुरेसा विचार करून, परस्परांच्या हितासाठी केला होता. तो मांडणारे गृहस्थ होते गावच्या आरोग्य समितीचे अध्यक्ष सर्जेराव ढोकरे. दूध संस्थेचे सचिवपद भूषवून निवृत्त झालेला हा माणूस वादात सहसा हार जात नसे. पांढरी टोपी, काळ्या काड्यांचा चष्मा, आणि बोलताना उजव्या हाताची तर्जनी हवेत अशी उभी की, समोरच्याला आपला मुद्दा त्या बोटावरच अडकून राहिल्यासारखा वाटावा.

ठरावाचे मर्म कळण्यासाठी आधी मनगटावरच्या पट्टीची ओळख करून घेतली पाहिजे.

माणसावर ताण आला की त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल नावाचे एक द्रव्य वाढते, हे शास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक होते. ते घामातही उतरते, हेही ठाऊक होते. कातडीवर चिकटलेल्या एखाद्या पातळ पट्टीने ते अखंड मोजत राहावे, ही सोय मात्र नवी होती. निरोगी शरीरात हे द्रव्य पहाटेनंतर उसळते, माणसाला अंथरुणातून उठवते, आणि दिवस कलेल तसे ओसरत जाते. भांडण, भीती, दुखणे यांनी ते अवेळी चढते आणि चढलेलेच राहिले तर रक्तदाब, साखर, हृदय यांची घडी विस्कटते. या पट्टीला आणखी एक गोष्ट कळत असे. जवळपास दुसरी कोणाची पट्टी आहे, हे ती ओळखी. अमक्याच्या घरी तमका येऊन बसला आणि पुढल्या काही तासांत अमक्याच्या ताणाची रेघ खाली आली की वर गेली, एवढे साधे निरीक्षण ती करी. परंतु सगळ्या गावाची अशी निरीक्षणे वर्षभर साठली की, कोणाच्या सहवासाने कोणाला बरे वाटते, याचा नकाशाच तयार होई. मग सकाळी फोनवर सूचना येई की, आज तुळसाबाईंकडे जाऊन बसा. आज धोंडिबाला शेतावर सोबत न्या. या योजनेचे नाव ‘सोबत’ होते.

यापूर्वीच्या आरोग्य योजना साहेबांच्या गाडीबरोबर आल्या आणि गाडीची धूळ बसायच्या आत विरल्या. ‘सोबत’ योजना आणणाऱ्यांनी त्यातून धडा घेतला होता. यंत्र सरकारने द्यावे, नियम गावाने करावेत, हे तिचे सूत्र होते. लोकांना योजना आपली वाटेल तरच ती टिकेल, हा विचार कागदावर जितका खरा होता, तितकाच हरळगुंडीतही खरा ठरला. एकेकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांच्या दारी माणसे जाऊ लागली. कोणाच्या गोळ्या कमी झाल्या, कोणाची दारू सुटली, आणि उपकेंद्रातल्या खाटा रिकाम्या राहू लागल्या. फाल्गुनात जिल्ह्याचे पथक पाहणीला येणार होते. त्याने अनुकूल शेरा दिला तर यंत्र, उपकेंद्र आणि तिथल्या डॉक्टरची नेमणूक कायमची गावाच्या हाती येणार होती. शेरा प्रतिकूल आला तर वर्षाअखेरीस सारे गुंडाळले जाणार होते. सर्जेरावांचा जीव या शेऱ्यात अडकला होता. आयुष्यात एक तरी काम आपल्या मागे उभे राहावे, असे त्यांना वाटे आणि त्यात गैर काही नव्हते.

चावडीच्या भिंतीवरील पडद्यावर घरोघरच्या रेघा दिसत. खालची हिरवी, वरची तांबडी. अशा या हिरव्या गावात एकच जागा अशी होती, जिथे माणसे भेटायला गेली की रेघ हटकून तांबडी होई. ती जागा म्हणजे दुखवट्याचे घर.

हरळगुंडीत मयताच्या घरी चूल पेटत नसे. शेजारणी पिठले-भाकरी घेऊन जात, गळ्यात गळा घालून रडत, आणि मग त्या घरच्या माणसाच्या तोंडात पहिला घास आपल्या हाताने घालत. याला कडू घास म्हणत. तो ज्याचा त्याने घ्यायचा नसे. कोणी भरवीपर्यंत त्या माणसाने अन्नाला शिवायचे नसते, ही तिथली रीत होती, आणि कोणी भरवले नाही असे आजवर घडलेच नसल्यामुळे, न भरवले तर काय, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता.

“पडद्यावर बघा,” सभेत तर्जनी उभी करून सर्जेराव म्हणाले. “गेल्या साली गावात जितकी मयतं झाली, त्या समद्या घरांच्या रेघा ह्या. बायका घरात शिरल्या की रेघ वर. बायका भाईर पडल्या की खाली. आपण सांत्वन म्हणून जातो आणि त्या माणसाच्या काळजावर घण घालून येतो. माझा सवाल एवढाच हाय, की हे कळल्यावर बी आपण जायाचं का?”

“सर्जा,” हौसाक्का म्हणाली. गावातली ही सर्वांत वयस्क बाई. मिश्रीचे बोट अजून तोंडातच होते. “तू कवा गेलास रं आत? मयताच्या घरी तू गोठ्यापाशी हुबा ऱ्हातोस आन् पावसापाण्याचं बोलतोस. तुझ्या बापाच्या येळंला बी तू गोठ्यातच हुतास.”

मंडपात हशा पिकला. सर्जेरावही हसले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

उपकेंद्राच्या डॉक्टर निलोफर बागवान उठल्या. वयाने लहान, आवाजाने मऊ. “मला एक शंका आहे, काका. भेटीनंतरचे काही तासच आपण पाहतो. महिन्या-दोन महिन्यांनी त्या माणसाचं काय होतं, हे या रेघांमधून समजत नाही. रडताना ताण वाढतोच. तो वाढणं वाईट आहे, असं मी आज तरी म्हणू शकणार नाही.”

“चांगलं हाय असं म्हणू शकता?”

“तसंही म्हणू शकत नाही. माहिती नाही.”

“म्हणजे एका बाजूला डोळ्यांना दिसणारा पुरावा, आणि दुसऱ्या बाजूला माहिती नसणं. गावानं कशावर चालायचं?”

वादाच्या दृष्टीने हा बिनतोड सवाल होता. हात वर गेले. बचत गटाच्या बायकांनी दुखवट्याच्या घरी डबा पोचवावा, तो दाराच्या कडीला अडकवून परतावे, अशी पुरवणीही जोडली गेली. हौसाक्काने हात वर केला नाही आणि विरोधही केला नाही. ती मिश्री लावत राहिली.

घरी परतताना सर्जेरावांना फार हलके वाटत होते. आपण गावाच्या हिताचे काम केले म्हणून तसे वाटते, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली, आणि ती सहज पटली.

पौषाच्या अखेरीस उत्तम होडगेची बायको बेबी वारली.

उत्तम हा सर्जेरावांचा लहानपणापासूनचा मित्र. दोघांची घरे पाठीला पाठ लावून उभी, आणि दोघांमध्ये फणसाचे एक झाड, ज्याच्या मालकीवरून दोघे वर्षानुवर्षे लटके भांडत आले होते. उत्तम गुळव्या होता. गुऱ्हाळावर उसाचा रस कढत असताना काहिल नेमकी केव्हा उतरवायची, हा निर्णय त्याचा. मूलबाळ नव्हते. बेबीचे मूत्रपिंड निकामी झाल्यापासून कित्येक वर्षे त्याने तिचे सारे केले होते. गडहिंग्लजला न्यायचे, आणायचे, पाणी मोजून द्यायचे, आणि ती चिडली की तिला नक्कल करून हसवायचे.

नदीकाठी चितेला अग्नी दिला तेव्हा सारा गाव हजर होता, कारण अंत्यविधीला जाण्यास ठरावाची आडकाठी नव्हती. सर्जेराव उत्तमच्या मागे उभे होते. उत्तमने एकदा वळून पाहिले. त्या नजरेत काही मागणी होती, असे सर्जेरावांना वाटले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, किंचित दाबला, आणि काढून घेतला. पाण्यात पाय धुऊन माणसे वेगवेगळ्या वाटांनी आपापल्या घरी गेली. होडगे गल्लीत कोणीच वळले नाही.

सर्जेराव घरी आले, तो शालनने, त्यांच्या पत्नीने, भाकरी थापायला घेतली होती. तव्यापाशी पिठल्याची कढई होती आणि बाजूला धुतलेले पांढरे फडके.

“हे कुणाला?”

“कुणाला म्हंजे? भावजींना.” तिचे डोळे सुजले होते. बेबी आणि ती एकाच साली लग्न होऊन या गावात आल्या होत्या. “उपाशी हाईत सकाळधरनं.”

“डबा जाईल की. गटाच्या बायकांना सांगितलंय मी.”

“डबा भरवतोय व्हय?”

“शालन, खाली बस. ऐकून घे.” तर्जनी आपोआप वर झाली. “तू जाणार. तू रडणार. तुला बघून तो रडणार. त्याची रेघ तांबडी हुणार. बेबीच्या दुखण्यात त्या माणसानं आधीच काळीज जाळलंय. आता तू जाऊन त्याला आणखी जाळणार का?”

“मला बी रडायचंय वं,” ती म्हणाली. “माझी बी कुणीतरी हुती ती. मी कुठं रडू?”

वादात अडचण आली की सर्जेराव मुद्दा बदलत. “अध्यक्षाच्याच घरचं माणूस ठराव मोडाय लागलं तर गावाला काय तोंड दाखवू मी?”

शालनने कढईवर झाकण ठेवले. भाकऱ्या फडक्यात गुंडाळल्या आणि शिंक्यात ठेवून दिल्या. त्यानंतर ती मागच्या पडवीत फणसाच्या बाजूला तोंड करून बसून राहिली. तिथून उत्तमचे दार दिसत असे. त्या दाराच्या कडीला दिवेलागणीस डबा अडकवला गेला.

पुढे जे घडले, त्याने सर्जेरावांच्या ठरावावर जणू मोहोरच उमटवली. उत्तमची रेघ तांबडी झालीच नाही. ती खाली उतरली, आणखी उतरली, आणि हिरव्या पट्ट्यात इतकी सरळ झाली की, शाळेतल्या मुलाने फूटपट्टी लावून आखावी. तेरावे झाल्यावरही ती हलली नाही. चावडीत येणारे-जाणारे बोट दाखवून सांगत, “बघा, उत्तमअण्णा कसा सावरलाय.” तो पुन्हा गुऱ्हाळावर जाऊ लागला होता. ठरावाची मुदत संपली होती, तरी सावरलेल्या माणसाची जखम कशाला उकरायची म्हणून कोणी गेले नाही, आणि शालनलाही सर्जेरावांनी तेच सांगून थांबवले. फोनवरच्या सूचनाही आता त्याचे नाव घेईनात, कारण ज्याची रेघ हिरवी त्याला सोबतीची गरज नाही, हे यंत्राच्या दृष्टीने उघड होते.

माघात एकदा गुऱ्हाळाच्या वाटेवर दोघांची गाठ पडली.

“काय, उत्त्या? बरं हाय?”

“बरं हाय की. तुझं गुडघं कसं हाईत?”

“हाईत आपलं. जेवतोस का न्हाई?”

“दूध पितो. केळं खातो. डबा म्हशीला घालतो.” तो साधेपणाने बोलत होता, आवाजात तक्रार नव्हती. “भाकरीला अजून हात लावला न्हाई. कुणी भरवलं न्हाई न्हवं.”

एकच वाक्य पुरेसे होते: चल घरी, मी भरवतो. ते वाक्य सर्जेरावांच्या जिभेवर आलेही. मग डोळ्यांसमोर उत्तमचे स्वयंपाकघर उभे राहिले. बेबीचा रिकामा पाट, समोर बसलेला उत्तम, त्याचा फुटलेला बांध, आणि आपल्याला ते बघत तिथे बसावे लागणे.

“ती जुनी रीत, लेका,” ते म्हणाले. “आपल्या हातानं खाल्लं म्हणून काय बिघडतंय?”

“व्हय,” उत्तम म्हणाला. “काय बिघडतंय.” आणि तो गुऱ्हाळाकडे चालू लागला.

फाल्गुनात, पथक येण्याच्या आदल्या दिवशी, डॉक्टर बागवान सर्जेरावांच्या घरी आल्या. चहा नको म्हणाल्या आणि पिशवीतून काचेच्या पडद्याची पाटी काढून त्यांच्यापुढे धरली.

“काका, चावडीवर आपण दिवसाची सरासरी पाहतो. ही उत्तमकाकांची तासातासाची रेघ आहे. पहाट कुठली आणि संध्याकाळ कुठली, सांगा बघू.”

सर्जेरावांनी चष्मा सारखा केला. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच होती.

“नाही सांगता येणार. हेच मला दाखवायचं होतं,” डॉक्टर म्हणाल्या. “निरोगी माणसात सकाळी ही रेघ उसळते. उठ, दिवस उगवला, काम कर, असा शरीराचा तो पुकारा असतो. वर्षानुवर्षं ताण सोसलेल्या माणसात कधी कधी तो पुकाराच बंद पडतो. सरासरी खाली येते आणि आपल्याला वाटतं, शांत झाला. ही शांतता चांगली नाही. अशा माणसांची हृदयं टिकत नाहीत.”

“मग औषध द्या.”

“रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला, त्यांना कोल्हापूरला न्यायची तयारीही दाखवली. म्हणाले, मला काय झालंय? रेघ तर हिरवी आहे.” त्यांनी पाटी खाली ठेवली. “त्यांना आज माणूस हवं आहे. मी दोनदा जाऊन बसले. मी परकी आहे, काका. ते माझ्याशी अदबीने बोलतात. तुम्ही जा.”

“उद्या पथक यायचंय. मी गेलो आन् त्याची रेघ तांबडी झाली तर?”

“होऊ दे ना.”

“तुम्हाला कळत न्हाई, मॅडम. एक तांबडी रेघ दिसली आणि शेरा वाईट गेला, तर तुमची नेमणूक जाईल, उपकेंद्र जाईल. साऱ्या गावाचं नुकसान एका माणसासाठी करायचं? परवा जातो. पथक गेलं की आधी तिकडंच जातो.”

पाटी पिशवीत ठेवून डॉक्टर उठल्या. शालन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सारे ऐकले होते, हे सर्जेरावांना तिच्या उभे राहण्यावरूनच कळले.

दुसऱ्या दिवशी चावडीला तोरण होते. पथकातले अधिकारी पडद्यापुढे खुर्च्या टाकून बसले होते, आणि त्यांच्यासाठी पडदा आज सरासरीऐवजी चालू घडीच्या रेघा दाखवत होता. सर्जेराव एकेका घराची हकिगत सांगत होते आणि त्यांचे भाषण रंगात आले होते. त्याच वेळी पडद्यावर होडगे यांच्या घरापाशी दुसऱ्या पट्टीची खूण उमटली. त्यांनी नाव वाचले. शालन ढोकरे.

आता रेघ उसळेल, या साहेबांच्या डोळ्यांदेखत तांबडी होईल. ते बोलत राहिले, पण नजर त्या एका जागी खिळली होती. पाव तास गेला, अर्धा तास गेला. शालनची रेघ चढू लागली. तांबडी झाली, आणखी वर गेली. ती रडत होती. गेल्या पौषापासून अडवून धरलेले सारे रडत होती. तिच्या शेजारची उत्तमची रेघ मात्र होती तशीच राहिली. सरळ, हिरवी, निश्चळ. सर्जेरावांना तेव्हा उमजले की, आपण आपल्या सबंध आयुष्यात एखादी रेघ तांबडी व्हावी म्हणून एवढी आशा कधी केली नव्हती. ती झाली नाही.

“ही तांबडी रेघ कोणाची?” पथकाच्या प्रमुखांनी विचारले.

“शेजारणीची,” सर्जेराव म्हणाले. “ती ज्यांच्याकडे बसली आहे, ते... बायको वारलेले गृहस्थ आहेत.”

“आणि तरी त्यांची इतकी हिरवी? अहो, हे तर विलक्षण आहे.” प्रमुखांनी बरोबरच्यांकडे वळून पाहिले. “शोक असा सावरता येतो, हे इतर गावांना दाखवायला हवं.” कोणीतरी टाळी वाजवली. मग साऱ्यांनीच वाजवली. शेरा तिथल्या तिथे लिहिला गेला आणि तो अनुकूल होता.

सर्जेराव हार गळ्यात घेऊनच घरी धावले. शालन परतली होती. फडक्यात गुंडाळलेल्या भाकऱ्या तिच्यासमोर होत्या. एकीचा तुकडा मोडलेला.

“भरवलंस?”

“भरवलं.”

“मग?”

“तोंडात धरून बसलं. चावलं न्हाई.” ती भिंतीकडे बघत होती. “मी म्हटलं, भावजी, गिळा. तर म्हणलं, वैनी, चव लागत न्हाई. मग माझ्या हातावर परत काढून ठेवलं. वाईट वाटून घेऊ नका म्हणलं. मला, बगा. मला म्हणलं.”

सर्जेराव त्याच पावली उत्तमकडे गेले. उंबरठा ओलांडला, समोर बसले. उत्तमने त्यांच्या गळ्यातला हार पाहिला आणि म्हणाला, “झालं न्हवं तुझं काम? चांगलं झालं.” सर्जेरावांनी रडण्याचा प्रयत्न केला, त्यांना रडू येईना. त्यांनी फणसाच्या मालकीचा जुना वाद काढला. उत्तम म्हणाला, “तुझाच हाय की.” आयुष्यात पहिल्यांदाच तो या वादात हरला होता. त्यानंतर सर्जेराव रोज जाऊ लागले. कधी शिरा नेला, कधी मटणाचा रस्सा, एकदा त्याला ओढून भजनालाही नेले. उत्तम जिथे बसवावा तिथे बसे. यंत्र मात्र रोज सकाळी सर्जेरावांना कळवी की, आपल्या या भेटींचा परिणाम दिसत नाही. आपला वेळ अन्यत्र अधिक उपयोगी ठरेल.

पाडवा होऊन गेला. शके १९६६ च्या चैत्रात, एका सकाळी, गुऱ्हाळाच्या उरलेल्या चिपाडांच्या ढिगाला टेकून उत्तम बसला होता, तो उठलाच नाही. हृदय थांबले होते. पट्टीने मृत्यूची नोंद केली तोपर्यंत त्याची रेघ हिरवी होती.

ग्रामसभा पुन्हा त्याच मंडपात भरली. यंत्रात बिघाड होता काय, असा प्रश्न सर्जेरावांनीच विचारला. डॉक्टर बागवान यांनी पाहून सांगितले की, यंत्र निर्दोष होते. त्याला जे मोजायला सांगितले ते त्याने अचूक मोजले. कडू घासाचा ठराव एकमताने रद्द झाला. पण ठराव रद्द झाला म्हणून रीत परत येतेच, असे नाही. चैत्र संपता संपता हौसाक्का गेली. बायका पिठले-भाकरी घेऊन तिच्या घरी गेल्या. आत कोण आधी रडणार, कोणी भरवायचे, किती वेळ बसायचे, हे एकमेकींकडे बघूनही कोणाला नीट ठरवता येईना. तिच्या सुनेने हुंदका दिला तेव्हा कितीतरी नजरा तिच्या चेहऱ्याआधी तिच्या मनगटाकडे गेल्या. थोड्या वेळाने साऱ्या उठल्या. उपकेंद्र आता कायमचे गावाचे झाले होते, आणि शेजारच्या गावांतून माणसे ते बघायला येत.

उत्तम गेला त्या दिवशी त्याच्या दारी कडू घास नेण्याचा प्रश्नच आला नव्हता, कारण त्या घरात भरवायला कोणी उरले नव्हते. सर्जेराव नदीवरून घरी आले होते. शालनने ताट वाढले. ते ताटावर बसले आणि नुसते बसून राहिले. पिठले निवले, भाकरी कडक झाली. रीतीप्रमाणे आज आपणही कोणाच्या तरी हाताची वाट बघतो आहोत, हे त्यांना कळत होते, आणि ते मागायचे कसे, हे कळत नव्हते.

“शालन,” शेवटी ते म्हणाले, “मला त्या रेघेनं फसवलं गं. तांबडी झाली असती तर मी गेलो असतो. देवाशपथ गेलो असतो.”

ती पाटावर त्यांच्यासमोर येऊन बसली. तिने भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी तोंड उघडले. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. उत्तमसाठी ती पहिल्यांदाच लागली होती. घास आत गेला आणि ते चावू लागले, तेव्हा तिने हात पदराला पुसला.

“तांबडी हुईल म्हणून तुमी गेला न्हाईसा,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यात रागही नव्हता. “आन् हिरवी हाय म्हणून बी गेला न्हाईसा. तुमाला जायाचंच न्हवतं.”